खराटेवाल्या म्हातारीचं पान

कामोठ्याच्या प्रेसमधून पुस्तकांची सहा खोकी आली ती नेमकी करंज्यांच्या दिवशी. दिलीपच्या खारघरच्या सातव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये आधीच पाय ठेवायला जागा नव्हती. सोफा भिंतीला सरकवलेला, मधे सतरंजी, तिच्यावर जुनी वर्तमानपत्रं, परातीत ओल्या फडक्याखाली मैदा, सारणाचं पातेलं, दोन पोळपाट आणि या पसाऱ्याच्या मधोमध खुर्चीत बसलेल्या शेवंताबाई. टेम्पोवाल्याने खोकी दारातच ठेवली आणि दोन गरम करंज्या खाऊन तो गेला. दिलीप आणि आशुतोष या बापलेकांनी ती उचलून टीव्हीसमोर रचली. टीव्हीचं अर्धं चित्र झाकलं गेलं, पण कोणी कुरकुर केली नाही. उजागऱ्यांच्या घरात कुरकुर न होणारे दिवस वर्षातून दोन-तीनच येतात आणि नाताळाआधीचा शनिवार त्यांपैकी एक असतो.

दिलीपच्या धाकट्या बहिणीचं, जयमालाचं मात्र करंज्यांत लक्ष लागेना. ती एकसष्ट वर्षांची, वाशीच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. शेकडो पुस्तकं हाताखालून गेलेली. तरी हात धुऊन, पदराला पुसून तिने पहिलं खोकं फोडलं तेव्हा तिला धड चिकटपट्टीही सोलता येईना. वरची प्रत काढून तिने ती आईच्या मांडीवर ठेवली.

"आई, बघ. तुझं नाव आलंय."

शेवंताबाईंनी चष्मा नाकावर ओढला आणि मुखपृष्ठावरून बोट फिरवलं. एकोणनव्वदाव्या वर्षीही त्या बोट ठेवूनच वाचत. "ना-ता-ळ-च्या पाच गो-ष्टी. शे-वं-ता-बा-ई..." त्या थांबल्या. "अक्षर झ्याक हाय गं. ठळक हाय."

"बास? एवढंच?"

"मंग काय म्हनू? माझ्या तोंडच्याच गोष्टी हायेत, मला ठावं न्हाईत व्हय?"

सगळे हसले. जयमालाही हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. दोन वर्षं, कामोठ्याच्या आपल्या दोन खोल्यांत, संध्याकाळचा चहा झाला की ती आईसमोर वही घेऊन बसत होती. आईने साऱ्या जन्मात तिच्याकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे तिला काही देताही आलं नव्हतं. हे पुस्तक म्हणजे त्या देण्याची एकमेव संधी होती. उद्या रविवारी उपासनेनंतर संडे स्कूलच्या मुलांना तीनशे प्रती वाटायच्या होत्या. मुलं आईला टाळ्या वाजवणार होती आणि जयमालाला आयुष्यात आणखी काही नको होतं.

गोष्टी मूळच्या एका जर्मन चित्रांच्या पुस्तकातल्या. नगरकडच्या मिशन दवाखान्यात एडिथ नावाची जर्मन नर्स होती, सगळे तिला एडीबाई म्हणत. तिने साठेक वर्षांपूर्वी ते पुस्तक शेवंताबाईंना दिलं होतं. ते उशीच्या पांढऱ्या अभ्र्यात राहायचं आणि वर्षातून एकदाच, करंज्यांचा शेवटचा घाणा तळून झाला की बाहेर यायचं. पान उलटायचा मान शेवंताबाईंचा. बाकीच्यांचे हात तेलकट असायचे, म्हणून कोणी शिवायचं नाही. त्या एकेक चित्र दाखवत गोष्ट सांगायच्या. खालची जर्मन अक्षरं कोणालाच येत नव्हती आणि ती वाचून बघावीत असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. एडीबाईंनी आईला सांगितलं, आईने आपल्याला सांगितलं, विषय संपला.

त्या पाच गोष्टींतली घराला जास्त चिकटलेली गोष्ट खराटेवाल्या म्हातारीची. ताऱ्यामागून निघालेले मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष, एका म्हातारीच्या दारावरून जातात. म्हातारी अंगण झाडत असते. ते म्हणतात, बाळ जन्मलंय, चल. ती म्हणते, तुमच्या उंटांच्या पायांत काटे जातील, आधी वाट झाडून देते. ती पुढे झाडत जाते, ते मागून येतात, आणि गोठ्याच्या दाराशी सगळ्यांत आधी पोचते ती म्हातारी. बाळाचं तोंड पहिल्यांदा तिला दिसतं.

या गोष्टीपायी उजागऱ्यांच्या घरातलं सगळ्यांत लहान मूल चोवीस डिसेंबरला घराच्या उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंतची वाट झाडतं. गावी ते बारा पावलांचं काम होतं. खारघरला दिलीपने सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि ते एकशे सव्वीस पायऱ्यांचं झालं. आठ वर्षांची रूथ, आशुतोष-गीतांजलीची मुलगी, गेली तीन वर्षं नेमाने ते करत होती. पहिल्या वर्षी सोसायटीच्या सेक्रेटरीने दिलीपला विचारलं होतं, जिना झाडायला बाई आहे ना, मग मुलीला कसली शिक्षा? आता वॉचमन आदल्या दिवशी स्वतःहून खराटा काढून ठेवतो.

"आत्याआजी, या पुस्तकात माझं नाव पण आहे?" रूथने विचारलं.

"आहे की. शेवटच्या पानावर. आजोबांनी लिहिलंय."

शेवटच्या पानावर 'आमची आई' या मथळ्याखाली दिलीपने अर्धं पान लिहून दिलं होतं. त्यातलं दुसरंच वाक्य असं: 'आमच्या मातोश्री मिशन दवाखान्यात परिचारिका होत्या.' जयमालाने ते प्रुफात पाहिलं होतं आणि मूग गिळून पुढचं वाचलं होतं. पुस्तक वाटायला पाळकसाहेबांची परवानगी दादानेच मिळवली होती, चर्चच्या कमिटीचा तो सेक्रेटरी होता. एका शब्दासाठी सहासष्ट वर्षांच्या भावाशी भांडण कोण उकरून काढणार?

शेवटचा घाणा तळून झाला. शेवंताबाईंनी अभ्र्यातून पुस्तक काढलं. सगळे सतरंजीवर बसले, रूथ त्यांच्या पायाशी. आणि गीतांजलीला, अगदी चांगल्या मनाने, एक कल्पना सुचली.

गीतांजली चिपळूणच्या हिंदू घरातली. नऊ वर्षांपूर्वी आशुतोषने तिच्याशी लग्न ठरवलं तेव्हा दोन्ही घरं पेटली होती आणि इकडची आग जयमालाने विझवली होती. ते गीतांजली विसरली नव्हती. आज आत्याच्या पुस्तकाचा दिवस, तर आपणही काही भर घालावी म्हणून तिने मोबाइल काढला.

"आजी, एक गंमत. फोनचा कॅमेरा पानावर धरला ना, की तो जर्मनचं मराठी करून दाखवतो. रूथ, तू धर आणि वाच. म्हणजे यंदा आजी सांगतील आणि रूथ वाचेल."

"अरे वा," दिलीप म्हणाला. "बघू तरी, मशीनला आईइतकं येतं का."

पहिल्या दोन गोष्टींत मजा आली. फोनचं मराठी मोडकंतोडकं होतं. थंडीत बाळाजवळची शेकोटी पंखांनी फुलवणारा पक्षी आईच्या गोष्टीत चिमणी होता, फोनने त्याला 'लाल छातीचा गृहस्थ' केलं. सगळे पोट धरून हसले. आईचा बाभळीचा काटा मूळचा कुठल्याशा थंड देशातल्या झाडाचा निघाला. "तिकडं बाभळ नसंल, बिचारे काय करतील," शेवंताबाई म्हणाल्या.

मग म्हातारीचं पान आलं. बर्फातलं घर, दारात लांब दांड्याचा खराटा घेतलेली म्हातारी, दूर उंट. रूथ एकेक शब्द जोडून वाचू लागली.

"'ज्ञानी पुरुष म्हणाले, आमच्यासोबत ये. म्हातारी म्हणाली, माझ्याकडे वेळ नाही, मला घर झाडायचे आहे. ते निघून गेले. नंतर तिला खेद झाला. ती धावली, पण तारा... तारा विझला होता. तिने बाळाला कधीही पाहिले नाही. आजही ती घरोघर भटकते आणि शोधते.'" रूथने मान वर केली. "आई, फोन चुकला."

कोणी हसलं नाही. गीतांजलीने फोन घेऊन पुन्हा पानावर धरला. तेच आलं. आशुतोषने आपला फोन धरला. शब्द जरा वेगळे, गोष्ट तीच.

"म्हणजे तिला बाळ दिसलंच नाही?" रूथ म्हणाली. "झाडत बसली म्हणून? मग मी जिना कशाला झाडते?"

दिलीप उठून उभा राहिला. "जया, हे काय आहे?"

"मला कसं माहीत असणार दादा? मी आईने सांगितलं तसं लिहिलं."

"आत पहिल्या पानावर काय छापलंय तू? 'जुन्या जर्मन मिशन-पुस्तकातील कथा.' त्यावर पाळकसाहेबांनी आशीर्वाद लिहून दिला. मी त्यांना शब्द दिला होता, मुळाबरहुकूम आहे म्हणून. इकडची काडी तिकडे नाही म्हणून!"

"बाकीच्या आहेत ना जवळपास तशाच."

"बाकीच्यांत मीठमसाला आहे, ते चालेल. ही सरळ उलटी आहे! बोलावणं आलं तेव्हा कामाचं निमित्त सांगू नका, हा मूळ गोष्टीचा बोध. आपण मुलांच्या हातात काय देतोय? नेमकं त्याच्या उलट. आणि उद्या रणजीत सर येणार आहेत."

रणजीत सर नुकतेच पुण्याहून वाशीला राहायला आलेले निवृत्त प्राध्यापक. जर्मनीत चार वर्षं शिकलेले. मूळ पुस्तक बघायची इच्छा त्यांनी मागच्याच रविवारी बोलून दाखवली होती आणि दिलीपने मोठ्या तोऱ्यात, घेऊन येतो, म्हटलं होतं.

"मग पुस्तक नका नेऊ, विसरलो म्हणा," आशुतोष म्हणाला. "सिंपल आहे."

"चर्चमध्ये उभा राहून खोटं बोलू?"

"बरं, मग त्या पानावर स्टिकर मारू. टेन्शन काय घ्यायचं?"

"स्टिकर पोरं दोन मिनिटांत उचकटतात." दिलीप आतल्या खोलीत गेला आणि स्टीलची पट्टी आणि कटर घेऊन आला. "पान काढायचं. सुटं एकच पान आहे, तेरा-चौदा. मुखपृष्ठावर पाचाचं चार करू पेनने. आपण चौघं बसलो तर संध्याकाळपर्यंत होतं. आशू, खोकी फोड."

आशुतोषने आत्याकडे बघायचं टाळलं आणि खोकं पुढे ओढलं. जयमाला त्या खोक्यावर हात ठेवून खाली बसली.

"दादा, हे पान जाणार नाही."

"जया, हट्ट करू नको."

"हट्ट म्हण. साठ वर्षं या गोष्टीवर आपण झाडलंय. तू झाडलंस, मी झाडलं, या आशूने झाडलं. ते सगळं कापून फेकायचं? सहरने हे चित्र चारदा काढलं, रोज येऊन आईच्या हातांकडे बघत बसायची. तिला काय सांगू मी?" सहर म्हणजे शेजारच्या मुस्तफाभाई-सकिनाभाभींची चित्रकला शिकणारी मुलगी. तिने पैसे घ्यायला साफ नकार देऊन पुस्तकाची चित्रं काढली होती आणि म्हातारीला शेवंताबाईंचा चेहरा दिला होता.

"सहरला मी समजावीन. पण लोक काय म्हणतील ते ऐकलंस का? म्हणतील, उजागऱ्यांच्या आईला गोष्ट कळलीच नाही. चित्र बघितलं आणि ठोकून दिलं. नव्वदाव्या वर्षी आईचं हसं करायचंय तुला?"

हे जयमालाच्या वर्मी लागलं. तिचा खोक्यावरचा हात ढिला पडला. दादा चूक बोलत नव्हता, हेच वाईट होतं. त्या दवाखान्यात आई काय होती ते त्या दोघांनाच ठाऊक होतं. नवी नर्स, मोडकं मराठी, आणि समोर केर काढणारी एक अडाणी बाई. अर्धं ऐकू आलं असेल, अर्धं कळलं असेल. आपण प्रेमाच्या भरात आईची चूक छापून तीनशे घरांत पोचवायला निघालो. तिने आईकडे पाहिलं. शेवंताबाई मांडीवरच्या जर्मन पुस्तकातल्या चित्रावर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू यायचं, किती ऐकलं होतं देव जाणे.

"बाबा, चूक माझी आहे," गीतांजली म्हणाली. "मी फोन काढला नसता तर... पण एक बोलू? आमच्या घरी चिपळूणला सणाच्या एकेका गोष्टीच्या तीन-तीन तऱ्हा आहेत. माझी आजी एक सांगते, काकू दुसरी. कोणी पान कापत नाही. निदान आजींना विचारा तरी. पुस्तकावर नाव त्यांचं आहे."

"तिला काय विचारायचं? तिला उगाच त्रास."

"मी विचारते," रूथ म्हणाली, आणि कोणी अडवायच्या आत तिने शेवंताबाईंचा गुडघा हलवला. "मोठी आजी! पुस्तकात लिहिलंय म्हातारीला बाळ दिसलं नाही. तू सांगतेस दिसलं. कोणाचं खरं?"

"मला ठावं हाय पुस्तकात काय हाय ते," शेवंताबाई शांतपणे म्हणाल्या.

दिलीपच्या हातातली पट्टी तशीच राहिली.

"काय म्हणालीस आई?" जयमालाने विचारलं.

"एडीबाईनं वाचून दावली व्हती की समदी. पाची. ही बी. म्हातारी झाडत बसली, गेली न्हाय, म्हनून तिला बाळ दिसलं न्हाय."

"मग तू आम्हाला उलटं का सांगितलंस?" दिलीप म्हणाला. पोरवयातला एक रुसवा त्याच्या आवाजात उतरला होता.

शेवंताबाईंनी पुस्तक मिटलं. चष्मा पुसून पुन्हा नाकावर ठेवला.

"सांगू नगं म्हनून एडीबाईनं शपथ घातली व्हती. पर आता ती बी न्हाय, ती बाळंतीन बी नसंल. सांगते. त्या नाताळाला समदा दवाखाना प्रार्थनेला गेला व्हता. डॉक्टर, नर्सा, झाडून समदे. मला बी बलावलं. मी म्हनलं, व्हा म्होरं, एवढा वॉर्ड झाडून घेते. आदल्या दिशी वारा सुटला व्हता, समदा पाचोळा आत. झाडत व्हते, तर दारात बैलगाडी आली. गाडीत पोटुशी बाई. पार टेकीला आलेली. संगं म्हातारा गाडीवान, तो भ्यालेला. मी हाका मारल्या, तिकडं गानी चाललेली, कुनाला ऐकाया जातंय? मंग काय करनार? हात धुतले अन् बसले तिच्यापाशी."

"तू?" जयमालाच्या तोंडून निघालं.

"तुमी दोघं झालात ते काय मला झोपेत झालात? ठावं व्हतं मला. पोर पायाकडनं येत व्हतं. लई भ्याले. देवाचं नाव घेत घेत वढलं बाई. रडलं न्हाय आधी. उलटं धरून पाठीव थापटलं, तवा रडलं. एडीबाई धावत आल्या तवर मी त्याला माझ्या लुगड्यात गुंडाळून बसले व्हते."

हॉलमध्ये कढई निवल्याचा बारीक आवाज येत होता. खाली रस्त्यावर कुठल्यातरी शाळेची बस वळत होती.

"मग कोणाला सांगितलं का नाही?" आशुतोषने विचारलं.

"बाई मोठ्या घरची व्हती, बाबा. घरच्यांना कळलं असतं, झाडूवालीनं पोर काढलं, तर त्या लेकराला घरात घेतलं नसतं त्यांनी. एडीबाई म्हनल्या, शेवंता, मी काढलं असं सांगू. तू बोलू नगंस. म्हनलं, न्हाय बोलत. पोर जगलं, मला काय करायचंय?" त्यांनी पुस्तकावरून हात फिरवला. "आठ दिसांनी हे घेऊन आल्या. त्यांच्या आईनं दिलेलं. शेजारी बसून समद्या गोष्टी सांगितल्या. ही आली तवा मी म्हनलं, बाई, ह्ये काय बरूबर न्हाय. झाडत व्हती म्हनून तिला बाळ दिसलं न्हाय? मला तर झाडत व्हते म्हनूनच दिसलं."

जयमालाने आईचा हात धरला.

"मग एडीबाई काय म्हणाल्या?" रूथने विचारलं.

"रडल्या. नाक पुसलं, अन् म्हनल्या, शेवंता, तू तुझ्या पोरांना तुझी सांग. तुझी खरी."

दिलीप बाल्कनीत गेला. तिथून खारघरची टेकडी दिसते. तो पाठमोरा उभा होता आणि जयमालाला त्याची ती पाठ ओळखीची होती. अकरा वर्षांचा असताना एकदा तो बोर्डिंगमधून सुट्टीला आला आणि अशीच पाठ करून विहिरीच्या काठावर उभा राहिला होता. पोरांनी त्याला झाडूवालीचा म्हटलं होतं. त्याने आईची केरसुणी विहिरीत टाकली होती. आईने त्याला मारलं नाही. दुसऱ्या दिवशी शिंदीचे झाप आणून ती नवी बांधत बसली. पुढे दादा बँकेत लागला, वाशीला बदली झाली, आणि कधीतरी, कोणाशी तरी बोलताना, आई नर्स झाली. जयमालाला त्याचा राग यायचा. आज पहिल्यांदा आला नाही. आपणही ते वाक्य प्रुफात तसंच सोडलं होतं, हे तिला आठवलं.

कटर सतरंजीवर पडला होता. गीतांजलीने तो हळूच उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. येताना तिने आत्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जयमालाने तो वरून दाबला.

दिलीप आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्याने शर्टाच्या खिशातलं पेन काढलं. जयमाला घाबरून खोक्याकडे वळली.

"दादा, आता तरी नको रे."

"ते पान राहू दे," तो म्हणाला. "रणजीत सरांना मी सांगतो, काय बदललं आणि का. सगळ्यांसमोर सांगतो. पाळकसाहेबांनाही." त्याने एक प्रत घेतली आणि मांडी घालून सतरंजीवर बसला, मैद्याची पर्वा न करता. "शेवटचं पान कुठलं गं? चोवीस?"

"चोवीस."

त्याने पान काढलं. 'आमच्या मातोश्री मिशन दवाखान्यात परिचारिका होत्या.' मग एका शब्दावर त्याने आडवी रेघ मारली आणि वरच्या मोकळ्या जागेत लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं, तरी वाचता येत होतं. जयमालाने वाकून वाचलं. 'झाडूवाली'. वाक्य आता व्याकरणाला धरून नव्हतं. चौतीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईने ते तसंच राहू दिलं.

"तीनशे आहेत दादा," ती म्हणाली.

"मोजल्यात मी. दे पुढची."

आशुतोषने तीन पेनं शोधून आणली. एक चाललंच नाही, ते त्याने तोंडाजवळ धरून हा-हा करत गरम केलं. गीतांजलीने करंज्यांचं ताट बाजूला घेतलं आणि पुस्तकं उघडून एकेकासमोर सरकवायला लागली. जयमाला दिलीपच्या शेजारी बसली. दोघांचे खांदे लागत होते. असं शेवटचं कधी बसलो होतो ते तिला आठवेना. वहिनी गेल्या त्या दिवसापासून दादा कोणाच्या इतका जवळ बसला नव्हता. तिने मनातल्या मनात देवाचे आभार मानले, एडीबाईंचे मानले, त्या गाडीवानाचे मानले, आणि जर्मन येत असलेल्या फोनचेही मानून टाकले.

"आजोबा," रूथ मधेच म्हणाली, "चोवीस तारखेला जिना मी झाडायचा ना मग?"

"तू वरून सुरुवात कर," दिलीप लिहिता लिहिता म्हणाला. "मी खालून येतो."

शेवंताबाईंचं लक्ष इतका वेळ करंज्यांकडे होतं, ताट उघडंच राहिलं होतं ते त्यांना खुपत होतं. आता त्यांना सगळ्यांच्या माना खाली गेलेल्या दिसल्या.

"काय खोडताय रं त्या नव्या कोऱ्या पुस्तकात?"

दिलीप गुडघ्यांवर सरकत त्यांच्या खुर्चीपाशी गेला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "तुझं काम लिहितोय, आई."

शेवंताबाईंनी त्याच्या हातातली प्रत ओढून घेतली. बोट ठेवून ती ओळ वाचली, पेनाने लिहिलेल्या शब्दापाशी थांबल्या, आणि पुस्तक त्याला परत दिलं.

"मंग अक्षर नीट काढ की," त्या म्हणाल्या. "पोरं वाचनारेत."